मदत हवी: प्रॉडक्शन हेडची मुलाखत पुढच्या गुरुवारी, मॉक कशी करू?

उद्यमबागवाला
पुढच्या गुरुवारी मुलाखत आहे. यूट्यूबवरचं बघून झालं, उत्तरं वहीत लिहून काढली, पण समोर बसून विचारणारं कोणी नाही. बायको सगळ्याच उत्तरांना छान म्हणते. एका क्लासमध्ये मॉक घेतात म्हणून गेलो, तर त्यांनी कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांचे प्रश्न विचारले. पाच वर्षांनी कुठे असाल वगैरे. लीडरशिपच्या जागेला नेमकं काय विचारतात आणि सराव कसा करायचा, लवकर सांगा.

कॅम्पातली एचआर
कंपनी कसली? आता कोणत्या पदावर आहात? हाताखाली किती माणसं? पॅनेलवर कोण? भाषा कोणती? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

घटप्रभा
स्टार पद्धत करा. प्रसंग, जबाबदारी, कृती, परिणाम. अशा सहा गोष्टी तयार ठेवा, कुठलाही प्रश्न आला तरी त्यातली एक बसतेच. आमचे भावोजी असंच करून बंगळूरला लागले.

उद्यमबागवाला
फाउंड्री, धातू ओतून भाग करणारी. बेळगावातलं उद्यमबाग म्हटल्यावर फाउंड्रीच की ओ.

सँडप्लँट
असं कसं? उद्यमबागेत मशिन शॉप आहेत, हायड्रॉलिकवाले आहेत. गृहीत धरू नका, पॅनेलसमोर तर नकोच.

उद्यमबागवाला
बरं. ग्रीन सँड म्हणजे ओलसर वाळूचे साचे, आणि वितळवायला इंडक्शन फर्नेस, विजेची भट्टी. मी शिफ्ट इन्चार्ज. नवी जागा मच्छेकडे. मालक, त्यांचा मुलगा आणि पुण्याचा एक कन्सल्टंट असणार. मालक कन्नड बोलतात, बाकीचे हिंदी-इंग्रजी.

खानापूर लोकल
राजीनामा द्यायच्या आधी ग्रॅच्युइटीचं बघा. कायम नोकरी असेल तर सलग ५ वर्षं भरलीत का? शेवटचा बेसिक आणि डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. मेहुण्याचं थोडक्यात हुकलं होतं म्हणून सांगतोय.

उद्यमबागवाला
मी ते विचारलेलंच नाही. मुलाखतीचं सांगा.

चिकोडीचे मास्तर
सराव कन्नडमधून करा. मोल्डिंगवरची माणसं बैलहोंगल, सौंदत्तीकडची असणार. त्यांच्याशी तुम्ही कसं बोलता हेच मालक बघतील.

घटप्रभा
उलट सांगताय. कन्सल्टंट मार्क देणार, इंग्रजी पक्कं करा. आणि १९५६ पासून आपण हेच ऐकतोय, नोकरीसाठीही कन्नडच

कॅम्पातली एचआर
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिकडे लिहा. भाषेचं माझं मत: प्रसंग आधी मराठीत मोकळेपणानं सांगून बघा, काय घडलं ते डोक्यात नीट लागलं की मग इंग्रजीत सांगा. वहीतलं इंग्रजी पाठ केलं तर मधे कोणी एक शब्द विचारला तरी गाडी थांबते. मालकांनी कन्नडमध्ये विचारलं तर कन्नडमध्येच उत्तर द्या, मोडकं असलं तरी.

सँडप्लँट
भाषा राहू दे. मी इथंच मॉक घेतो. सोमवारी सकाळी ग्राहकाचा फोन येतो: मशिनिंगला ब्लोहोल, गॅसमुळे आत राहिलेली भोकं, उघडे पडलेत, लाइन थांबलीय. नाइट शिफ्टचा सुपरवायझर म्हणतो वाळू बरोबर होती, लॅबवाला म्हणतो ओल जास्त होती. तुम्ही प्रॉडक्शन हेड. बोला.

उद्यमबागवाला
वाळूची ओल आणि पर्मिअॅबिलिटी, म्हणजे तिच्यातून हवा किती जाते ते, तपासणार. व्हेंट, म्हणजे साच्यातून गॅस जायच्या वाटा, मोकळे आहेत का बघणार. कोअर, म्हणजे आतली पोकळी करणारे वाळूचे गाभे, नीट सुकले होते का, त्यातून गॅस सुटला का. ओतताना तापमान किती होतं. त्यावरून कारण काढून दुरुस्त करणार.

सँडप्लँट
एकही गोष्ट चुकीची नाही, पण हे शिफ्ट इन्चार्जचं उत्तर झालं. ग्राहकाला पहिल्या तासात काय सांगितलं? त्याच हीटचा, म्हणजे भट्टीच्या त्याच घाण्याचा, उरलेला माल कुठे आहे? फेटलिंगला म्हणजे साफसफाईला, गाडीत, की दुसऱ्या ग्राहकाच्या दारात? तो कोणी अडवला? आजचा टनेजचा आकडा चुकणार, हे मालकाला कोण आणि कधी सांगणार? परत बोला.

उद्यमबागवाला
ग्राहकाला मी स्वतः फोन करणार, आणि बदली तुकडे तपासून कधी पोचतील ते सांगणार. त्या हीट नंबरचा सगळा माल लाल टॅग लावून बाजूला, डिस्पॅच बंद. मालकाला आकडा चुकणार हे सकाळीच सांगणार, संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये नाही. सुपरवायझर आणि लॅबवाल्याशी वेगवेगळं बोलणार.

कॅम्पातली एचआर
हे उत्तर कितीतरी बरं. पण वेगवेगळं का? पॅनेल तिथंच खोदणार.

उद्यमबागवाला
सुपरवायझर माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे. चारचौघांत त्याला खोटं पाडलं तर उद्यापासून तो मला काहीच सांगणार नाही. आधी वाळूच्या रजिस्टरमधल्या रात्रीच्या नोंदी त्याच्यासमोर ठेवणार. नोंदच केलेली नसेल तर खरा प्रॉब्लेम तो, मग वाळू कोरडी असो की ओली.

कॅम्पातली एचआर
हे तुमच्या वहीत होतं का?

उद्यमबागवाला
नाही. आत्ता सुचलं. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे असंच झालेलं.

कॅम्पातली एचआर
म्हणून म्हणते, दुसरा-तिसरा प्रश्न विचारणारा माणूस शोधा. निदान दोघं हवेत. एक फाउंड्रीतला आणि एक ज्याला वाळूतलं काही कळत नाही असा. दुसऱ्याला कळेल असं सांगता आलं तर कन्सल्टंटलाही कळेल. फोनवर रेकॉर्ड करा आणि एक उत्तर दोन मिनिटांच्या आत ठेवा. मालकाचा मुलगा कुटुंबातला म्हणून त्याला कमी लेखू नका, रोजचं काम कदाचित त्याच्याच हाताखाली असेल.

घटप्रभा
म्हणजे स्टारच झालं की! प्रसंग, कृती, सगळं आलं.

सँडप्लँट
सांगायची चौकट म्हणून स्टार चालेल. पण तुमच्या सहा गोष्टींत ही गोष्ट नव्हती, खोदल्यावर निघाली.

चिकोडीचे मास्तर
कन्नडमधलं मी फोनवर घेऊ शकतो. रोज संध्याकाळी मोकळा असतो.

उद्यमबागवाला
मास्तर, नक्की. सँडप्लँट, रविवारी बसू शकाल का?

सँडप्लँट
१० नंतर. मशिन शॉपचा एक मित्र आणतो, तो ग्राहक होईल.

कॅम्पातली एचआर
हाताखाली किती माणसं, ते अजून सांगितलेलं नाही.

उद्यमबागवाला
शिफ्टला चाळीस, कंत्राटी धरून. तिकडे तीनशेच्या वर.

कॅम्पातली एचआर
मग बहुतेक सुरुवातीलाच विचारतील: चाळीस माणसांना तुम्ही नावानं ओळखता, तीनशेंचं काम कोणामार्फत कराल? रविवारी सँडप्लँटना इथूनच सुरू करू दे.

उद्यमबागवाला
याचं उत्तर आत्ता तरी माझ्याकडे नाही. सँडप्लँट, पत्ता खाजगी निरोपात पाठवतोय.