आशाताईंच्या नेमणुकीबद्दल

पूरग्रस्तांना मानसिक आधार द्यायला कुठली आशाताई (गावातली आरोग्य स्वयंसेविका) नेमावी, यावर एक मत असं की जिचं स्वतःचं घर पुरात गेलं तिला लोकांचं दुःख जास्त कळतं, म्हणून तिलाच पुढे करा. अर्धंच खरं. 2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात चिकोडी, निपाणी, अथणीकडे आधार देणारे आणि घेणारे एकाच पाण्यात होते.

आधी तिच्या घरचा चिखल, पंचनामा, जनावरं. त्यासाठी निदान तीन दिवस मोकळे द्या. मग काम जोडीनं, आणि शक्यतो स्वतःची गल्ली सोडून. गडबड होते ती बोलताना. समोरची बाई भिजून कोंब फुटलेल्या जोंधळ्याचं पोतं दाखवते, ताई म्हणते "आमचंबी तसंच झालं बघा", आणि पुढची वीस मिनिटं ताईच बोलते. एकच वाक्य पुरे, "पाणी आमच्याबी घरात होतं", की लगेच परत तिच्याकडं.

दिवसाला चार-पाच घरं, जास्त नको. आठवड्याला पाऊण तास जाणत्या समुपदेशकाशी बोलणं हवं, हजेरी तपासणाऱ्या साहेबांशी नव्हे (त्यांच्यापुढं कोण रडेल?). दोन आठवड्यांनीही ताईला झोप नसेल तर टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन), 14416. भाषा निवडता येते. आणि पुढच्या पावसाळ्यात कोयना धरणाच्या विसर्गाच्या बातम्या सुरू झाल्या की ताईंची विचारपूस पुन्हा करा. पत्र्यावर पाऊस वाजला की छाती तेव्हाच धडधडते.