अ‍ॅडेनॉइडची शस्त्रक्रिया: तुमच्या मुलांचं काय झालं?

मुलगा चार वर्षांचा आहे. सर्दी गेली तरी नाक मोकळं होत नाही, तोंड उघडं टाकून झोपतो, घोरतो. एका डॉक्टरांनी मानेचा बाजूने एक्स-रे काढायला लावला. अ‍ॅडेनॉइडने, म्हणजे नाकाच्या मागे असलेल्या टॉन्सिलसारख्या गाठीने, नाकामागची बरीचशी वाट अडवलीय, काढून टाकू म्हणाले. दुसऱ्यांचं म्हणणं, स्प्रे देऊन वाट बघा, ते वयाबरोबर आक्रसतं. घरात दोन तट पडलेत. आजी म्हणते एवढ्याशा जिवाला भूल नको, मुलाचा बाबा म्हणतो एकदाचं उरकून टाकू. माहिती भरपूर वाचून झालीय. मला ऐकायचंय ते प्रत्यक्ष घरात काय घडलं ते. कशावरून ठरवलंत? भूल उतरताना कसं होतं? पुन्हा वाढलं का? आणि ज्यांनी केलीच नाही, त्यांनीही लिहा.

पाच वर्षांच्या मुलीची आई

आमचा निर्णय एक्स-रेवर झालाच नाही, झोपेवर झाला. लेक मान मागे टाकून, हनुवटी वर करून झोपायची. घोरता घोरता एकदम आवाज बंद. छाती हलतेय, पोट आत ओढलं जातंय, पण नाकातोंडातून हवा नाही. मग एक मोठा हुंदका आल्यासारखा श्वास, कूस बदलणं, पुन्हा तेच. उशी घामाने ओली. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं होतं, त्याचा याच्याशी संबंध असू शकतो हे आम्हाला डॉक्टरांनीच सांगितलं. दिवसा ती पेंगायची नाही, उलट अंगात आल्यासारखी धावायची आणि कशावरूनही चिडायची. मोठी माणसं झोप कमी पडली की सुस्तावतात, मुलं बऱ्याचदा अशी पिसाळतात.

या झोपेचा व्हिडिओ काढून नेला. छातीवरचं पांघरूण काढून, आवाजासकट, पहाटेच्या सुमाराचा. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला, मग बारीक दुर्बीण नाकातून घालून अ‍ॅडेनॉइड आणि तोंडातून टॉन्सिल बघितले. दोन्ही काढायचं ठरलं.

शस्त्रक्रिया तोंडातूनच होते, बाहेर कुठेही काप नाही. नुसतं अ‍ॅडेनॉइड असेल तर अर्ध्या तासाच्या आतबाहेर आटोपतं. आमचे टॉन्सिलही होते, म्हणून दुखणं जास्त झालं. घसा दुखतोय म्हणण्याऐवजी ती "कान दुखतो" म्हणायची. कानात काहीच नव्हतं, घशातली कळ कानात जाते. तोंडाला असा वास यायचा की जवळ घेतलं तरी मान फिरवावी लागे. जखमेवर पांढरट थर येतो त्याचा तो वास, पू नव्हे. घोरणं लगेच थांबलं नाही हेही लिहून ठेवते. सूज उतरेपर्यंत ती जवळजवळ तशीच घोरत होती आणि सासूबाई माझ्याकडे "झालं काय मग उपयोग" अशा नजरेने बघत होत्या. नंतर थांबलं. चिडचिड कमी व्हायला त्याहून बराच जास्त वेळ गेला.

शस्त्रक्रिया टाळलेला एक बाबा

आमच्या मुलाला घोरणं होतं, पण श्वास अडकत नव्हता, कान चांगले होते, वाढ व्यवस्थित होती. शिंका, डोळे चोळणं, नाक खाजवणं मात्र सतत. म्हणजे मुळात अ‍ॅलर्जी. डॉक्टरांनी आधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि त्यावर स्टेरॉइडचा स्प्रे दिला. स्टेरॉइड म्हटल्यावर घरात धरणीकंप झाला, पण नाकातल्या स्प्रेचा डोस अगदी कमी असतो आणि रक्तात फारच थोडा जातो. मारण्याची पद्धत नीट शिकून घ्या. डोकं किंचित पुढे, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, म्हणजे त्या त्या बाजूच्या डोळ्याच्या दिशेने. नाहीतर नाकातून रक्त येतं. आणि एका आठवड्यात "फरक नाही" म्हणून सोडू नका, काही आठवडे रोज मारावा लागतो.

अ‍ॅलर्जीवरची माँटेलुकास्टची गोळीही सुचवली होती. त्या औषधाने काही मुलांच्या झोपेवर, वागण्यावर परिणाम होतो आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये त्याबद्दल ठळक इशारा दिलाय. आम्ही हे विचारल्यावर डॉक्टरांनीच ती वगळली.

आम्हाला धीर आला तो एका अभ्यासाने. २०१३ साली अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या, झोपेत श्वास अडखळणाऱ्या ४६४ मुलांवर तो झाला. निम्म्यांचे टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड लवकर काढले, बाकीच्यांना नुसतं नजरेखाली ठेवलं. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य आली, पण न झालेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची आली. अर्थात वागणूक, दिवसाची तरतरी यांत शस्त्रक्रियावाले पुढे होते, आणि फार गंभीर त्रास असलेली मुलं त्यात घेतलीच नव्हती. म्हणून वर ज्या ताईंनी लिहिलंय त्यांच्या लेकीसाठी "थांबा" हा सल्ला मी कधीच देणार नाही.

सहा वर्षांच्या मुलाची आई

आमचं निमित्त कान. हाक मारली तर ओ नाही, टीव्हीचा आवाज मोठा. सगळे म्हणायचे हट्टी आहे, दुर्लक्ष करतो. बोलणंही बंद नाकातलं, "मामा आला" म्हटलं की "बाबा आला" ऐकू यायचं. शाळेतल्या बाईंनी आधी ओळखलं, की मागून बोललं तर याला कळत नाही, तोंड बघून बोललं तर कळतं. तपासणीत दोन्ही पडद्यांमागे चिकट पाणी निघालं. कान आणि नाकामागची जागा जोडणारी नळी अ‍ॅडेनॉइडपाशीच उघडते, ती नीट काम करेना. तीन महिने थांबून पुन्हा ऐकण्याची तपासणी केली, तशीच आली, म्हणून अ‍ॅडेनॉइड काढून कानाच्या पडद्यात ग्रोमेट, म्हणजे हवा जायला बारीकशा नळ्या, बसवले. घरी येताना गाडीतच "एवढा आवाज का करतायत" म्हणाला. ग्रोमेट नंतर आपोआप पडले. घोरणं कमी आणि कान खराब अशी मुलं असतात, तेव्हा कानांची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या.

भूलतज्ज्ञ आहे, आणि एका ऑपरेशन झालेल्या भाच्याची मावशीही

आजींना सांगा, त्यांची काळजी रास्त आहे, पण भीती योग्य जागी असावी. आम्हाला खरी भीती भरल्या पोटाची आणि ताज्या सर्दी-तापाची असते. जेवण आणि दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. दूध पातळ असलं तरी ते जेवणातच धरायचं. दर वेळी कुणीतरी "फक्त कपभरच दिलं" म्हणतं आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. कृपया लपवू नका. आदल्या दिवशी ताप, छातीत घरघर असेल तर फोन करा. हलणारा दात सांगा. घरात कुणाला जखमेतून किंवा दात काढल्यावर जास्त रक्त गेलं असेल तर तेही.

भूल उतरताना बरीच मुलं आकांत करतात. डोळे उघडे, पण आईला ओळखत नाहीत, सलाइन ओढतात, लाथा झाडतात. बघवत नाही. साधारण अर्ध्या तासात शांत होतात आणि मुलाला यातलं बहुधा काही आठवत नाही. आठवतं आईबापांना. भाच्याच्या वेळी मी रोज हे बघणारी असून बहिणीसोबत रडले.

तीन वर्षांखालची मुलं, फार गंभीर श्वास अडकणारी, डाउन सिंड्रोम असलेली, यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवतात. घरी सोडा म्हणून घाई करू नका. आणि जुन्या चिठ्ठीतलं कोडीनचं खोकल्याचं औषध १८ वर्षांखालच्या मुलाला या शस्त्रक्रियेनंतर अजिबात नको, त्याने श्वास मंदावू शकतो.

जुळ्यांची आई

वाढतं पुन्हा, पण सहसा नाही. आमच्या एकाचं तो दोन वर्षांचा व्हायच्या आत काढावं लागलं होतं, त्याचं थोडं वाढलं. लहान वयात काढलं तर ही शक्यता जास्त असते. दुसऱ्याचं पाचव्या वर्षी काढलं, त्याला काही नाही.

धागा काढणारी

सगळ्यांचे आभार. रोगप्रतिकारशक्तीचं काय? २०१८ मध्ये डेन्मार्कच्या मुलांचा एक अभ्यास आला होता, तो नात्यातल्या प्रत्येकाने मला पाठवलाय.

कान-नाक-घसा तज्ज्ञ, इथे वाचक म्हणून

त्यात सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदी होत्या, आणि लहानपणी अ‍ॅडेनॉइड किंवा टॉन्सिल काढलेल्यांना पुढे श्वसनाचे आजार जास्त दिसले. पण त्या नोंदी होत्या, प्रयोग नव्हता. ज्यांचं काढलं ती मुलं आधीपासूनच जास्त आजारी असणार, हा गुंता पूर्ण सुटत नाही. विनाकारण काढू नये इतकं त्यातून नक्की घ्या. शरीराकडे संरक्षणाच्या अशा पेशी इतरत्र भरपूर असतात, एवढ्याने मूल उघडं पडत नाही.

एक तपासणी विचारून घ्या, टाळूची. पडजिभेला मधोमध चीर असेल तर टाळूत लपलेली फट असू शकते. अशा मुलाचं अ‍ॅडेनॉइड सगळं काढलं तर हवा नाकातून निसटते, आवाज गेंगाणा होतो, पाणी नाकातून येतं. हे सौम्य स्वरूपात काही दिवस इतरांनाही होतं. टिकून राहिलं तर दाखवा.

आठ वर्षांच्या मुलीचा बाबा

आमचं झालं, नाक मोकळं झालं, तरी तोंड उघडंच. सवय! ओठ मिटून नाकाने श्वास घ्यायचे व्यायाम वाणी-उपचार करणाऱ्या बाईंकडून शिकलो. टाळू अरुंद झालीय म्हणून दातांच्या डॉक्टरांकडेही चकरा चालू आहेत.

आणि रक्ताबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून: पहिल्या रात्री तिला काळपट तपकिरी उलटी झाली. ते शस्त्रक्रियेत गिळलेलं जुनं रक्त होतं, फोनवर विचारून घरीच थांबलो. ताजं लाल रक्त नाकातून किंवा तोंडातून आलं, किंवा मूल झोपेत सारखं काहीतरी गिळताना दिसलं, तर मात्र फोनही न करता उचलून न्या. टॉन्सिलही काढले असतील तर हे आठवड्या-दीड आठवड्यानेही होऊ शकतं, त्यामुळे तेवढ्यात गावाला जायचा बेत आखू नका.