अनुभव धागा : राखेच्या ढगाने अडवलेला प्रवास, एप्रिल २०१०

आइसलंडमधील एयाफ्यातलायोकुल या हिमनदीखालच्या ज्वालामुखीचा १४ एप्रिल २०१० रोजी उद्रेक झाला आणि दुसऱ्या दिवसापासून उत्तर व पश्चिम युरोपातील एकेका देशाने आपले हवाई क्षेत्र बंद केले. सुमारे १ लाख उड्डाणे रद्द झाली आणि जवळपास १ कोटी प्रवासी खोळंबले. त्या वेळी जे अडकले, ज्यांनी अडकलेल्यांना घरी ठेवून घेतले किंवा ज्यांचे कामच विमानांवर अवलंबून होते, अशा सर्वांनी येथे लिहावे, ही विनंती. आपल्याला कोणती माहिती कधी मिळाली, तिच्या आधारे काय ठरवले आणि खर्चाचे पुढे काय झाले, हे आवर्जून सांगावे, कारण पुढे कधी असे अडकणाऱ्याला त्याचाच उपयोग होईल.

सुरुवात मी करते. आई-बाबा लंडनला आमच्याकडे आले होते आणि त्यांचे परतीचे विमान नेमके बंदीच्या काळात होते. राहण्याजेवणाची चिंता नव्हती, पण बाबांची रक्तदाबाची औषधे मोजकीच शिल्लक होती. स्थानिक डॉक्टरांना गोळीचे व्यापारी नाव ओळखता येईना. पाकिटावरील मूळ द्रव्याचे नाव दाखवल्यावर मात्र त्यांनी लगेच पर्यायी गोळी लिहून दिली. तेव्हापासून प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाला मी मूळ द्रव्यांची यादी जवळ ठेवायला सांगते. बाहेर आकाश स्वच्छ निळे होते आणि इतक्या लख्ख उन्हात विमाने का थांबवली आहेत, हा बाबांचा प्रश्न होता. त्याचे नीट उत्तर मला तेव्हा देता आले नाही.

फ्रँकफुर्ट, ट्रान्झिट विभाग

मी अमेरिकेहून भारतात परतत होतो आणि फ्रँकफुर्टला विमान बदलायचे होते. ज्यांच्याकडे शेंगेन व्हिसा, म्हणजे अनेक युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा होता ते शहरात जाऊ शकले. आम्हा व्हिसा नसलेल्यांना ट्रान्झिट विभागाबाहेर पाऊल टाकता येत नव्हते. विमानतळाने खाटा मांडल्या, ब्लँकेटे दिली, खाण्याची सोय केली, आणि याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. खरा त्रास अनिश्चिततेचा होता. सकाळी सांगितलेली वेळ दुपारी बदलत असे आणि दुपारची रात्री, त्यामुळे घरच्यांना काय कळवावे हेच समजत नसे. चेक-इन केलेले सामान हाती येत नव्हते आणि कपडे त्यातच होते. माझ्या शेजारच्या खाटांवर एक वृद्ध जोडपे होते, ज्यांना इंग्रजी किंवा जर्मन घोषणा कळत नसत. आम्ही काही जणांनी आळीपाळीने त्यांच्याजवळ बसून प्रत्येक घोषणा हिंदीत सांगायची असे ठरवले आणि ते शेवटपर्यंत पाळले. काउंटरसमोरची रांग दिवसभर जेमतेम सरकत होती. अखेर भारतातील नातेवाइकांनी विमान कंपनीच्या तिथल्या कार्यालयातून आमचे तिकीट बदलून घेतले. रांगेत उभे राहतानाच दुसऱ्या देशातील कार्यालयाशी संपर्क साधावा, हे माझे सर्वांना आग्रहाचे सांगणे आहे.

विमान-देखभाल अभियंता

निळ्या आकाशातही विमाने का थांबली आणि घोषणा सतत का बदलत होत्या, या वरील दोन्ही प्रश्नांशी माझ्या कामाचा संबंध आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ज्वालामुखीची राख ही लाकडाच्या राखेसारखी मऊ नसते. ती खडकाचे आणि काचेचे अणकुचीदार कण असते. हे कण साधारण ११०० अंश सेल्सिअसला वितळू लागतात आणि जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षातील तापमान त्याहून अधिक असते. वितळलेली काच पुढच्या टर्बाइनच्या पात्यांवर थिजते, हवेचा मार्ग चोंदतो आणि इंजिन बंद पडू शकते. २४ जून १९८२ रोजी जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७ ची चारही इंजिने बंद पडली होती. राखेतून बाहेर आल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि विमान जाकार्ताला सुखरूप उतरले. विमानातील हवामान रडारवर ही राख दिसत नाही आणि विरळ थर जमिनीवरून डोळ्यांनाही जाणवत नाही, त्यामुळे निळ्या आकाशावर विसंबून चालत नाही.

२०१० पर्यंत युरोपात राख आढळल्यास ती पूर्णपणे टाळावी, असाच दंडक होता, कारण किती राख चालेल याची सर्वमान्य मर्यादाच ठरलेली नव्हती. ब्रिटिश हवामान खात्याचे ‘लंडन’ नावाचे, पण एक्सेटर येथे असलेले राख सल्ला केंद्र दर ६ तासांनी नवा अंदाज देत असे आणि त्यानुसार बंद क्षेत्र बदले. फ्रँकफुर्टच्या घोषणा सतत बदलण्यामागे हेही एक कारण असावे. प्रति घनमीटर २ मिलिग्रॅम ही मर्यादा मान्य झाल्यावर २० एप्रिलच्या रात्री ब्रिटनचे आकाश उघडले. आर्थिक नुकसान फार मोठे झाले, तरीही तो थांबण्याचा निर्णय योग्यच होता, असे मला मनापासून वाटते.

नैवाशा, केनिया

मी फुलांच्या शेतीत नोकरीला होतो. मालवाहू विमाने थांबल्याने युरोपला जाणारे गुलाब शीतगृहात मावेनात, शेवटी ते फेकावे लागले आणि रोजंदारीवरील बायकांना कामावर येऊ नका असे सांगण्यात आले. प्रवाशांना निदान तिकिटाचे पैसे मिळाले. या बायकांची बुडालेली मजुरी मात्र कोणीच दिली नाही.

मिलान ते लंडन, जमिनीवरून

फ्रेंच रेल्वेचा संप त्याच काळात चालू असल्याने गाड्या कमी आणि गर्दी अफाट होती. अनोळखी प्रवाशांबरोबर भाड्याची मोटार करून कॅले गाठले आणि बोटीने पलीकडे गेलो.

खर्चाच्या भरपाईविषयी

आमच्या विमान कंपनीने निसर्गाचा कोप म्हणून हॉटेलचा खर्च नाकारला आणि विमा कंपनीने ज्वालामुखी हे खराब हवामान नव्हे असे कळवले. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार अशा प्रसंगी रोख नुकसानभरपाई मिळत नाही, परंतु जेवण आणि निवास देणे कंपनीवर बंधनकारक असते. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये याच उद्रेकाच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. आम्ही सर्व पावत्या जपल्या होत्या, म्हणून पाठपुराव्यानंतर वाजवी खर्च परत मिळाला. हा नियम युरोपीय संघातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला लागू होतो. बाहेरून तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच, हे तिकीट काढतानाच पाहून ठेवावे.