मँचेस्टर ग्रामर आणि १९६५ चं परिपत्रक
‘१९६५ च्या परिपत्रकाने इंग्लंडमधली ग्रामर स्कूल्स (परीक्षेने मुलं निवडणाऱ्या माध्यमिक शाळा) संपली’ असं म्हणतात, पण ते अर्धंच बरोबर आहे. हे सरकारी परिपत्रक (क्र. १०/६५) म्हणजे अशी निवड बंद करून सर्वांसाठी सारख्या शाळा कराव्यात, ही स्थानिक शिक्षण प्राधिकरणांना केलेली विनंती होती, सक्ती नव्हे. म्हणूनच इंग्लंडमधल्या केंट परगण्यात आजही अकराव्या वर्षीची निवड परीक्षा होते. मँचेस्टर ग्रामर ही शाळा तर स्थानिक प्राधिकरणाच्या ताब्यातच नव्हती. अनुदान थेट केंद्राकडून, बदल्यात किमान २५ टक्के जागा सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांना मोफत. १९७६ पासून हे अनुदान टप्प्याटप्प्याने बंद झालं आणि शाळा फीवर गेली. मोठं नुकसान झालं ते इथे!

त्याआधीची शतकं शाळा कशावर चालली, तेही पाहू. १५१५ मध्ये बिशप ह्यू ओल्डम यांनी ती मोफत शाळा म्हणून स्थापली आणि खर्चासाठी अर्क नदीवरच्या पाणचक्क्या तिला जोडून दिल्या. मँचेस्टरकरांनी धान्य तिथेच दळायचं, असं बंधन होतं. शहर वाढलं तसं ते लोकांना जाचू लागलं. अखेर १७५८ च्या कायद्याने धान्याला सूट मिळाली. बिअरसाठीचं माल्ट मात्र शाळेच्याच चक्कीत दळावं लागे.