मदत हवी आहे: नवीन संदर्भग्रंथ ठाण्यात / नवी मुंबईत कुठे मिळतील? अर्जंट!!

घणसोलीची_सून
नमस्कार मंडळी. माझा संशोधनाचा सिनॉप्सिस दुसऱ्यांदा परत आलाय. सरांनी पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहिलंय, 'संदर्भ जुने. अलीकडचे ग्रंथ पाहा.' बास, एवढंच. कुठले पाहा ते सांगायला काय झालं होतं! ठाण्यात दोन ठिकाणी जाऊन आले, एका ठिकाणी काउंटरवरच्या काकांनी 'नवीन म्हणजे दिवाळी अंक का?' असं विचारलं. ऑनलाइन एक सापडलं तर त्याची किंमत सहा हजाराच्या वर. सहा हजार एका पुस्तकाला?? त्यात माझा दोन महिन्यांचा रिक्षाचा खर्च निघतो. कुणाकडे असेल किंवा कुठे बसून वाचता येईल तर प्लीज लवकर सांगा, वेळ अजिबात नाहीये.

जुना_वाचक
विषय काय? पुस्तक कुठलं? 'एक सापडलं' म्हणजे कोणतं सापडलं? आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं का?

नौपाडा_नाका
मराठी ग्रंथ संग्रहालयात जा, डोळे झाकून. १८९३ सालचं आहे, दादरचं मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय १८९८ चं, म्हणजे आपलं ठाण्याचं पाच वर्षांनी मोठं, हे दादरवाल्यांना सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. माझे आजोबा रोज संध्याकाळी तिथे पेपर वाचायला जायचे, धोतर नेसून. जे तिथे नाही ते कुठेच नाही.

पीएसआय_होणारच
स्पर्धा परीक्षेला सोशियॉलॉजी ऑप्शनल आहे का? पुस्तकांच्या मागे लागू नका, वाशी स्टेशनसमोर झेरॉक्सवाल्याकडे दिल्लीच्या क्लासच्या नोट्स मिळतात, थिंकर्स आणि इंडियन सोसायटी दोन्ही. मी त्याच वापरतोय. उत्तरं लिहायचा सराव महत्त्वाचा.

घणसोलीची_सून
@पीएसआय ऑप्शनल नाही हो, पीएचडी. @जुना_वाचक विषय जमीन. @नौपाडा_नाका तिथे जाऊन आले, जुनं मराठी खूप छान मिळालं पण मला इंग्रजीतलं हवंय आणि नवीन.

जुना_वाचक
जमीन?? शेतजमीन, जमीन महसूल, जमीन कायदा की मंगळावरची जमीन?

घणसोलीची_सून
सॉरी, घाईत आहे. नवी मुंबईतली गावठाणं, सिडकोने घेतलेल्या जमिनी, आगरी घरांचं पुढे काय झालं, विषय समाजशास्त्र. पुस्तक साई बालकृष्णन यांचं 'शेअरहोल्डर सिटीज'. माझ्या यादीत सगळ्यात नवीन म्हणजे अन्नपूर्णा शॉ यांचं नवी मुंबईवरचं, २००४ चं. मला ते नवीनच वाटायचं.

कपाट_नंबर_सात
कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते म्हणून लिहिते. २००४ म्हणजे वीस वर्षं झाली ताई, सरांचं काही चुकलं नाही.

किमतीचं असं असतं की परदेशी विद्यापीठांच्या प्रेसची अशी पुस्तकं बऱ्याचदा आधी जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत येतात, थोड्या प्रती, किंमत मोठ्या लायब्रऱ्यांच्या खिशाला बघून ठेवलेली. आपण त्यांचं गिऱ्हाईकच नसतो. वर २०१९ च्या बजेटात आयात पुस्तकांवर ५ टक्के कस्टम ड्युटी बसली. मागाहून पेपरबॅक किंवा दक्षिण आशियासाठीची वेगळी आवृत्ती निघाली की तेच पुस्तक चतकोर किमतीला येतं, पण प्रत्येकाची निघतेच असं नाही. म्हणून घेण्याआधी त्याच नावाची भारतीय आवृत्ती आहे का ते बघायचं.

आता मला सांगा: रजिस्ट्रेशन झालंय का? कॉलेजात शिकवता का? तारीख कधीची आहे?

टेलिग्राम_बाबा
एवढं पुराण कशाला. चॅनेलवर नाव टाका, पाच मिनिटांत पीडीएफ. सहा हजार वाचले, त्याची पार्टी द्या.

पनवेल_कोर्ट
@टेलिग्राम_बाबा चोरीचा सल्ला उघड उघड देऊ नका, साय-हबसारख्या फुकट पीडीएफवाल्या साइटींवर प्रकाशकांनी २०२० मध्ये दिल्ली हायकोर्टात केस टाकलीय. आणि ताईंनी घाबरायचं कारण नाही, पुस्तकाचं झेरॉक्स काढलं तर गुन्हा नाही, दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाच्या केसमध्ये २०१६ ला हायकोर्टानेच सांगितलंय. ऑक्सफर्ड, केंब्रिज सगळे हरले.

जुना_वाचक
वकीलसाहेब, तो निकाल वर्गात शिकवायला लागणाऱ्या कोर्सपॅकचा, म्हणजे वेगवेगळ्या पुस्तकांतल्या निवडक पानांच्या संचाचा होता, कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(आय). अख्खं पुस्तक झेरॉक्स करून घरी न्या असं कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही. संशोधनासाठी स्वतःपुरतं वापरायचं ते ५२(१)(ए), तिथे 'फेअर डीलिंग' शब्द आहे. एखादं प्रकरण काढलं तर कोणी विचारत नाही, साडेतीनशे पानं स्पायरल बाइंडिंग करून आणलीत तर ते फेअर कसलं.

पनवेल_कोर्ट
आपण वकील आहात का?

जुना_वाचक
नाही. वाचता येतं.

टेलिग्राम_बाबा
चला, आता या दोघांचं चालू द्या. ताई, पीडीएफ मिळाली का?

घणसोलीची_सून
नाही मिळाली, नावात 'शेअर' आहे म्हणून चॅनेलवरून शेअर मार्केटची तीन पुस्तकं आली 🙏 @कपाट_नंबर_सात रजिस्ट्रेशन झालंय. कॉलेजात सीएचबीवर (तासाच्या हिशोबाने) आहे, डिग्रीला. आरआरसी, म्हणजे पीएचडीचा विषय मंजूर करणारी समिती, पुढच्या सोमवारी.

कपाट_नंबर_सात
अहो मग हे आधी सांगायचं ना!! अनुदानित कॉलेज आहे का? असेल तर लायब्ररीत जाऊन दोन प्रश्न विचारा. एक, एन-लिस्टचं (कॉलेजांसाठीची ऑनलाइन लायब्ररी) लॉगिन आहे का, त्यात लाखभराच्या वर ई-बुकं आहेत आणि ते कॉलेजमार्फतच मिळतं, सीएचबीवाल्यांनाही द्यायला हरकत नसते, फक्त कोणी मागत नाही. दोन, डेलनेटचं, म्हणजे लायब्रऱ्यांच्या जाळ्याचं, सभासदत्व आहे का. असेल तर दुसऱ्या सभासद लायब्ररीतून पुस्तक मागवता येतं. इन्फ्लिबनेटच्या इंडकॅटवर (विद्यापीठांच्या लायब्रऱ्यांची एकत्र ऑनलाइन यादी) नाव टाकलंत की कुठल्या विद्यापीठात प्रत आहे तेही कळतं, उगाच गावभर हिंडायला नको.

ऐरोली_सेक्टर_आठ
आता सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना आलीय ना, संशोधनाचं सगळं फुकट. ६००० कोटी दिलेत सरकारने.

कपाट_नंबर_सात
तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं आहेत त्यात. पुस्तकं नाहीत. आणि सुरुवात सरकारी संस्थांपासून झालीय. रोज चार जण हेच विचारतात मला.

खारफुटी
मी या विषयात थोडं काम केलंय म्हणून पुस्तकांबद्दल बोलतो, बाकी सगळे पुस्तक कुठे ठेवलंय त्यावरच बोलतायत. 'शेअरहोल्डर सिटीज' २०१९ चं, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रेसचं. त्यात मगरपट्टा, खेड, लवासा असा पुण्याकडचा भाग आहे, साखर कारखान्यांच्या पट्ट्यातले जमीनमालक शहरात भागीदार कसे झाले किंवा झाले नाहीत ते. तुमच्याकडे नेमकं उलटं आहे, इथे भागीदारी नव्हती, आधी जमीन गेली आणि नंतर भांडून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळाले, म्हणून ते तुलनेला घ्या. मायकेल लेव्हियन यांचं 'डिस्पझेशन विदाउट डेव्हलपमेंट', २०१८, राजस्थानातला एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र). सरकार सार्वजनिक कामासाठी जमीन घ्यायचं ते खाजगी कंपन्यांचा दलाल कधी झालं, हा त्याचा प्रश्न. आणि थॉमस कोवान यांचं गुडगावचं, 'सबऑल्टर्न फ्रंटियर्स', २०२२. ते तर वाचाच. जमीन गेल्यावर गावातल्या लोकांनी कामगारांना खोल्या भाड्याने दिल्या, त्यावर आहे. घणसोली गावठाणात गल्लीच्या तोंडाशी उभं राहून वर बघा, तेच दिसेल.

सरांना पुस्तकांची संख्या नको असावी. २००४ नंतर वाद कुठे पोचला ते तुम्हाला माहितीये का, हे बघतायत ते. तिन्हीच्या प्रस्तावना आणि तुम्हाला लागू पडणारं एकेक प्रकरण वाचलंत तरी सोमवारी उभं राहता येईल.

नौपाडा_नाका
सगळी इंग्रजी. मराठीत काही लिहिलंच जात नाही का यावर? सिडको आली १९७० ला, पंचाण्णव गावं गेली, आणि त्यावर पुस्तक पेन्सिल्व्हेनियातून यायचं?

खारफुटी
पेन्सिल्व्हेनियातून आलं ते पुण्याचं, काका. पण मुद्दा बरोबर आहे. 'समाज प्रबोधन पत्रिका' आणि 'नवभारत'चे जुने अंक तुमच्याच ग्रंथ संग्रहालयात चाळा, लेख असतात. पुस्तक व्हायला कोणीतरी चार-पाच वर्षं पगार द्यावा लागतो.

उरण_लोकल
जासईला १९८४ मध्ये जमिनीच्या आंदोलनात पाच माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली, आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील साहेब नसते तर साडेबारा टक्के दिसले नसते. आणि नवी मुंबई विमानतळाला त्यांचं नाव मिळावं म्हणून एवढी वर्षं भांडावं लागलं. ते लिहा पुस्तकात.

ऐरोली_सेक्टर_आठ
विमानतळ झाला पण ट्रान्सहार्बर लोकलला गर्दी बघा. दिघा गाव स्टेशन झालं तेव्हा वाटलं होतं ऐरोलीची गर्दी कमी होईल, कसलं काय.

जुना_वाचक
धागा पुस्तकांचा आहे.

घणसोलीची_सून
@उरण_लोकल माझे आजेसासरे जासईला होते. आमच्या कपाटात संपादनाची नोटीस आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर फाटलेली, सर्व्हे नंबर शाईने खोडून परत लिहिलेला. त्यावरून हा विषय घेतला. सरांना दाखवली तर म्हणाले, हे साधन झालं, संदर्भ कुठाय.

खारफुटी
सर खडूस आहेत पण खरं बोलले. ती नोटीस स्कॅन करून ठेवा आजच्या आज.

गोवंडी_गेट
देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूटची लायब्ररी कोणी सांगितलीच नाही अजून. वाशीला गाडी बदलून गोवंडीला उतरायचं. कालिनाला विद्यापीठाची आहे ती वेगळी. कुठेही गेलात तरी कॉलेजचं लेटरहेडवरचं पत्र आणि आयकार्ड घेऊन जा आणि आधी फोन करा. मी एका मोठ्या संस्थेत नुसता गेलो होतो, वॉचमनने गेटवरच अर्धा तास उभा केला, मग आतून निरोप आला की शनिवारी बाहेरच्यांना नाही.

टेलिग्राम_बाबा
म्हणून म्हणत होतो.

कपाट_नंबर_सात
चोरी न करता फुकट हवं असेल तर डीओएबी आणि ओएपेन या दोन साइटींवर शोधा, प्रेसनी स्वतःहून खुली केलेली पुस्तकं असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रेसची ल्युमिनॉस म्हणून मालिकाच आहे २०१५ पासून. तुम्हाला हवं तेच मिळेल असं नाही, पण शेजारचं काहीतरी मिळतं.

घणसोलीची_सून
अपडेट देते. कॉलेजच्या लायब्ररीत गेले, मॅडम म्हणाल्या डेलनेट आहे की, पण तीन वर्षांत कोणी काही मागवलंच नाही, पासवर्ड शोधायलाच दुपार गेली. शेवटी जुन्या लायब्रेरियन सरांच्या डायरीत मागच्या पानावर सापडला. कोवान मागवलंय, सोमवारपर्यंत येईलसं वाटत नाही. एन-लिस्टचं लॉगिन मिळालं, तिथे लेव्हियन यांचे जुने लेख आहेत, पुस्तकाचा गाभा त्यातच दिसतोय. 'शेअरहोल्डर'ची प्रस्तावना गुगल बुक्सवर अर्धी वाचली, मधली पानं गायब. ईपीडब्ल्यू साप्ताहिकात परीक्षण मिळतं का बघतेय. रात्री एक वाजलाय, मुलाचा डबा अजून ठरला नाही. @खारफुटी खोल्यांचं तुम्ही म्हणालात ते डोक्यातून जात नाहीये, आमच्याच घराच्या वर सहा खोल्या आहेत आणि मी भाडेकरूंना एक प्रश्न विचारलेला नाही आजपर्यंत.

खारफुटी
सोमवारनंतर विचारा. आधी झोपा.

पनवेल_कोर्ट
कलम ५२(१)(ए) बद्दल मी परत वाचलं. मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

पीएसआय_होणारच
ताई तुमचं झालं की अन्नपूर्णा शॉ यांचं २००४ वालं पुस्तक देणार का? अर्ध्या किमतीत घेतो. मुलाखतीत नवी मुंबईवर विचारतात म्हणे.