मदत हवी आहे: सायमन हे (Simon Hay) यांची सायटेशन्स (इतर पेपरांनी त्यांच्या पेपरांचे दिलेले संदर्भ) मोजायची कशी?

नमस्कार मंडळी. पीएचडी कोर्सवर्कसाठी रोगांचे नकाशे करणाऱ्या एका संशोधकाच्या कामाचा आढावा घ्यायचाय. मी सायमन हे निवडले. मलेरिया-संशोधक बॉब स्नो यांच्यासोबत मलेरिया ॲटलास प्रोजेक्ट (जगभरातल्या मलेरियाचे नकाशे) उभा करणारे. आधी ऑक्सफर्ड, नंतर सिॲटलची आयएचएमई (आरोग्याची आकडेवारी मांडणारी संशोधनसंस्था). २०१३ चा 'नेचर'मधला डेंग्यूचा पेपर तर जबरदस्तच आहे: जगात वर्षाला ३९ कोटी संसर्ग, लक्षणं दिसणारे त्यातले जेमतेम ९.६ कोटी, आणि या ९.६ कोटींपैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या भारतात!

घोडं अडलंय ते ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज, म्हणजे जगभरातल्या रोगांचा भार मोजणाऱ्या आयएचएमईच्या अभ्यासाच्या पेपरांपाशी; सायमन हे त्यांतही लेखक आहेत. एकेका पेपरला शेकडो लेखक, सायटेशन्स हजारोंनी, आणि ती प्रत्येकाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण जमा. एच-इंडेक्स (किती पेपरांना किमान तितकीच सायटेशन्स आहेत तो आकडा) फुगणारच. नकाशांचं मूळ काम त्यात दिसेनासं होतं, आणि मला तर तेच दाखवायचंय.

हे पेपर सरळ वगळावेत, की सायटेशन्स लेखकसंख्येने भागावीत? भागाकार मला जरा अन्यायकारक वाटतो, कारण पहिल्या आणि तीनशेव्या लेखकाला सारखाच वाटा मिळतो. कॉलेजात स्कोपस (सायटेशन्सचा सशुल्क डेटाबेस) नाही. ओपनॲलेक्स या मोफत डेटाबेसचा डेटा बिब्लिओशायनीत (सायटेशन्सचं विश्लेषण करणारं ॲप) घालून कुणी असं काम केलंय का? गाइड गूगल स्कॉलरचे आकडे चालवून घेत नाहीत.