विद्यार्थ्यांकडून रिसर्च प्रोजेक्ट कसा लिहून घेता? अनुभव सांगा

नव्या शैक्षणिक धोरणामुळं आता डिग्रीच्या लेकरांनाही रिसर्च प्रोजेक्ट आलाय. मराठवाड्यात शिकवणाऱ्यांनी आपापल्या वर्गात काय जमलं ते लिहा. थिअरी नको, ती पीपीटीत सगळ्यांकडंच आहे. सुरुवात मी करते, पुढं प्रत्येकानं आपापला जिल्हा अन् विषय टाकून लिहिलंय.

बीड, समाजशास्त्र
मी विषय देतच नाही. पोरं "मराठवाड्यातील ऊसतोड कामगार : एक अभ्यास" असलं घेऊन येतात आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या गावाचं अक्षर नसतं. मग समोर बसवून विचारत जायचं, तुझ्या गावातून कोयते, म्हणजे ऊस तोडायला जाणाऱ्या जोड्या, कधी निघतात, घरी कोण राहतं, उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, कोण घेतं. धारूरकडची एक मुलगी म्हणली, मॅडम दिवाळी झाली की आई-बाबा जातात, मी आजीपाशी राहते अन् धाकट्याची शाळा बघते. झाला की प्रश्न! हंगामात मागं राहिलेल्या थोरल्या मुलींच्या अभ्यासाचं काय होतं, एकच गाव, बारा घरं. मुकादमाकडची, म्हणजे मजूर गोळा करून नेणाऱ्याकडची, उचल कशी फिटते ते तिनं इतकं स्वच्छ लिहिलं की मी ते पान पुढच्या बॅचला वाचून दाखवते.

नांदेड, मराठी
आमच्याकडं कॉपी-पेस्टचा मोठा प्रश्न. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८चा नियम सांगितला, की १० टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर कारवाई नाही, की पोरं टक्के उतरवायला नुसते शब्द फिरवायलेत. त्याला लेखन म्हणत नाहीत. मी वर्गातच करून घेतो: परिच्छेद वाचा, मोबाईल पालथा ठेवा, शेजारच्याला सांगा, मग लिहा. सांगता आलं नाही तर परत वाचा. शोधगंगेवरचे, म्हणजे पीएचडीचे प्रबंध ठेवलेल्या वेबसाईटवरचे, प्रबंध जरूर दाखवा, पण आधी फक्त अनुक्रमणिका अन् पहिलं प्रकरण, प्रश्न कसा मांडलाय तेवढंच बघायला. आणि पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाईप करून घ्या, कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाईल दुसरीकडं उघडली की नुसती गिचमिड दिसते.

लातूर, इतिहास
किल्लारीच्या भूकंपावर आजी-आजोबांच्या मुलाखती घ्यायला लावतो. म्हातारी माणसं तारीख सांगत नाहीत, "गणपती विसर्जनाची रात्र" म्हणतात. ते तसंच लिहायचं, आणि मग त्या वेळच्या पेपरात जाऊन ३० सप्टेंबर १९९३ची पहाट ताडून बघायची. आठवण आणि कागद दोन्ही शेजारी ठेवले की संदर्भ कशाला द्यायचे हे पोरांना आपोआप कळतं, वेगळं लेक्चर लागत नाही. मुलाखतीखाली कोण, कुठं, कधी हे लिहिलंच पाहिजे, अन् नाव छापायला त्या माणसाची परवानगी घेतलीच पाहिजे, यात मी अजिबात सूट देत नाही. घरची माणसं गेलेल्यांशी बोलायचंय, रडू आलं तर वही मिटवून नुसतं बसा म्हणून सांगतो.

परभणी, अर्थशास्त्र
थोडक्यात लिहितो. एआयकडून आणलेली संदर्भयादी असली तर प्रत्येक संदर्भ माझ्यासमोर उघडून दाखवायचा. नसलेली पुस्तकं, नसलेले लेख निघतात त्यात. उघडला नाही तर खोडायचा.
आणि एकदम पन्नास पानं मागू नका हो. आधी प्रश्न एका वाक्यात, मग प्रश्नावली, मग एकच प्रकरण. बहुतेकांकडं लॅपटॉप नाही, फोनवर गुगल डॉक्समध्ये लिहितात, तिथंच कमेंट टाकतो, रात्री शेतातून आल्यावर पोरं दुरुस्त करतात.

कॉमर्सवाल्यांनी पण लिहा की. मोंढ्यातल्या सोयाबीनच्या भावावर कोणी प्रोजेक्ट करून घेतलाय का? आडत्यांकडच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या, पोरांना बघायला कशा मिळाल्या?